तिसरं पाणी

आनंदी झर्मेकर वाळपईच्या बाजारात
गोणपाटावर किल्ल मांडून बसते.
बांबूचे कोंब, पोटरीएवढे,
सालीवर बारीक कूस. ती बोटात शिरली
की दोन दिवस बोट विसरू देत नाही.
मी म्हटलं, सगळे दे.
घरी कार्य आहे?
नाही, प्रयोग आहे.
सुटे पैसे मोजता मोजता ती म्हणाली,
"तीन उदकां काड गो. कोडसाण वचूंक जाय."

ताळगावच्या पठारावर, तिसऱ्या मजल्यावर
एकेक साल उतरवली.
आत कप्प्यांवर कप्पे,
पुढल्या सालच्या शिडीची
आधीच मोजून ठेवलेली पावलं.
अर्धे कोंब तसेच चिरले,
अर्धे आनंदीच्या सांगण्याप्रमाणे
तीन दिवस, तीन पाण्यांत.
वाळवले, दळले.
मिक्सर घरचा होता, आमसुलाचा वास जाईना,
पहिली खेप फेकावी लागली.

मद्यार्क हवा तर वहीत सही, कपाटाला किल्ली,
आणि बाबुसोचा दर वेळचा विनोद:
"मॅडम, फेणी चलत नां?"
रात्रभर चंबू हलत राहिले.
सकाळी गाळून, आटवून
तळाला उरलं ते काकवीच्या रंगाचं,
नखाला चिकटणारं,
किलोभर कोंबांतून चमचाभरही नाही.

एन्झाइमची बाटली संपलेली.
मागणीचा अर्ज कुठल्याशा टेबलावर आषाढापासून पडून.
मग मी माझीच लाळ घेतली.
लहानपणी उकड्या तांदळाची पेज
गिळायची सोडून तोंडात धरून ठेवायची मी,
गोड होईस्तोवर.
आई ओरडायची, जेवतेस की खेळतेस?
खेळत नव्हते, आई. तेच काम आता
पगारावर करते, आणि उलट्या बाजूनं:
ते गोड होणं थांबतं का, एवढंच बघते.

नळ्यांत पिष्ट, लाळ, अर्क.
वर नारिंगी रसायन. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं.
साखर झाली तर रंग पिकल्या भिरंडासारखा,
नाही झाली तर हळदीवरच अडतो.

कच्च्या कोंबाची नळी हळदीवर अडली.
मी खुर्चीवरून उठले, परत बसले.
तीन पाण्यांतून काढलेल्या कोंबाची
जवळजवळ लाल.

मग ते पाणीच तपासलं, जे ओतून देतात.
पहिलं: हळद.
दुसरं: थोडी फिकी हळद.
तिसरं: काही सांगता येत नाही,
एका नळीत एक, दुसरीत दुसरं.
म्हणजे विषाबरोबर गुणही
त्याच मोरीतून जात होता,
एकाच वाटेनं, बहुधा हात धरून.
मार्गदर्शक डायस मॅडम म्हणाल्या,
"आशादायक, असं लिही."
मी लिहिलं. खाली तिसऱ्या नळीचे आकडेही लिहिले.

पुढच्या शुक्रवारी आनंदीनं विचारलं
काय मिळालं तुझ्या त्या प्रयोगात.
मी सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून.
तिनं डाव्या हाताची बोटं पुढे केली,
टोकांवर सुयांचे काळे ठिपके,
त्यांच्याच शेजारी कूस गेल्याच्या खुणा.
कुठली कुठली, मला ओळखू येईना.
"मागीर म्हजी साखर देंवतली?"

नळीत, म्हणावंसं वाटलं.
माझ्या लाळेत, सदतीस अंशांवर, दहा मिनिटं.
म्हटलं, गोळी चुकवू नकोस.
आणि कच्चं किल्ल खाऊ नकोस, पहिलं पाणी तर नकोच नको.
"तें हांवेंच तुका सांगिल्लें," ती म्हणाली,
आणि एक कोंब वरून घातला, पैसे न घेता.

तो मी घरी आणला.
चिरला, भिजवला, सुक्या सुंगटांबरोबर शिजवायचं ठरवलं.
पहिलं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी दुसरं.
तिसऱ्याला मोरीपाशी उभी राहिले, टोप हातात,
जिभेच्या टोकाला एक थेंब लावून पाहिला.
कडू नव्हतं. गोडही नव्हतं.

ओतलं.