घंटी कुणाला

अब्बा दर जुम्म्याला फोनवर तेच विचारतात:
ड्रायव्हर नाही म्हणतोस,
मग घंटी कुणाला मारतोस?

घंटी नाही, अब्बा. दोरीही नाही.
गाडी आपली आपण थांबते,
दारं आपली आपण उघडतात,
एक बाई दोन भाषांत स्टेशनाचं नाव घेते
आणि ती बाईसुद्धा कुठे बसलेली नाही.

हं, म्हणतात.
मग बराच वेळ पलीकडे काही नाही,
खेड डेपोची कुठलीतरी गाडी
दुसऱ्या गिअरवर घाट चढत असावी.

माझ्या हातात मशीन आहे, साबणाच्या वडीएवढं.
कार्ड लावलं की हिरवं, नाहीतर लाल.
अब्बांच्या हातात पंच होता.
तिकिटाला भोक पाडायच्या आधी ते तो हवेतच वाजवत
टकटक, टकटक,
म्हणजे झोपलेले जागे होत
आणि ज्यांच्याकडे सुट्टे नाहीत ते झोपत.

इथले नियम दाराशी चिकटवलेत, चित्रांत:
बर्गरवर काट, पेल्यावर काट,
सीटवर पाय टाकलेल्या माणसावर काट.
चित्रातल्या माणसाला तोंड नाही,
तो हुज्जत घालत नाही.
बाकीचे घालतात. परवा एक टायवाला, गोल्डच्या डब्यात,
साध्या कार्डावर, म्हणाला, तू मला ओळखत नाहीस.
खरंच नव्हतो ओळखत.
अब्बा म्हणतात, भांडणाऱ्याचं तिकीट शेवटी फाडायचं,
तोवर त्याचा स्टॉप येतो.
इथे कॅमेरा आहे, अब्बा.
मग त्याला सांग भांडायला.

बायकांच्या डब्याची हद्द म्हणजे
जमिनीवर एक गुलाबी पट्टी.
बुरजुमानला एक जोडपं चढलं.
ती नवीनच आलेली असणार,
दार बंद होताना दचकली.
ती पट्टीपलीकडे बसली, तो अलीकडे उभा,
मध्ये भाजीची पिशवी,
एक बंद तिच्या हातात, एक त्याच्या.
त्याचा उजवा बूट बोटभर आत.
शंभर दिरहम.
मी बुटाकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे,
बूट मागे गेला. पिशवी तिथेच राहिली.
पिशवीबद्दल नियमात काही नाही,
मी पुस्तक दोनदा वाचलंय.

पण हेही लिहून ठेवतो.
जानेवारीत, पहाटेच्या पहिल्या गाडीत
रात्रपाळीचा एक नेपाळी पोरगा
कोपऱ्यात पाठमोरा उभा राहून
उकडलेलं अंडं खात होता.
वासाची तक्रार आली. बटण दाबणारी बाई
माझ्याकडेच बघत होती.
मी पावती काढली.
त्याने उरलेलं अर्धं अंडं फॉइलमध्ये गुंडाळलं,
कडा नखाने नीट दाबल्या,
आणि विचारलं, किती दिवसांत भरायचे?
एवढंच.
हुज्जत घातली असती तर बरं झालं असतं.
हे अब्बांना सांगितलेलं नाही.
त्यांनी तीस वर्षांत
अंडी, सुकट, फणस, एकदा तर जिवंत कोंबडी
अर्ध्या तिकिटावर नेलेली आहे.

काल शेवटची फेरी.
शेवटच्या स्टेशनात डबे तपासायचे,
छत्री, बुरख्याची पिन, एकच लहान मोजा
नोंदवहीत लिहायचा,
झोपलेल्याला नावाने नाही, 'सर' म्हणून उठवायचं.
सगळे उतरले. मीही उतरलो.
फलाटावर मी आणि आत दिवे लागलेली
सबंध रिकामी गाडी.
इकडे तिकडे पाहिलं.
कॅमेऱ्याकडे पाठ केली
आणि दाराच्या पत्र्यावर
अंगठीने दोन ठोके दिले.

गाडी निघाली.
वेळ झाली होती म्हणून निघाली, कळतं मला.

अब्बांना म्हणालो,
ऐकते.