नगावर, वजनावर

"चालू हाय का, बाई?" बाबालाल नदाफनं विचारलं.
मी नाही म्हटलं. पटकन.
एकतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या बाईनं
असं पटकन काही म्हणू नये.

शंभर फुटी रोडला त्याचं दुकान.
गंजलेले पत्रे, पंपाची पोटं,
अंगावर पुराची रेघ अजून मिरवणारे फ्रिज
आणि मधोमध इलेक्ट्रॉनिक काटा,
पाच ग्रॅमपर्यंत खरं बोलणारा.
सायकल आडवी ठेवली. सोळा किलो चारशे.
मग अल्ताफनं पाना घेतला.

चाकं. चेन. पायडल. मडगार्ड,
ज्यावर माझं आडनाव पेंटरनं चुकवलं होतं
आणि मी तसंच राहू दिलं होतं: कुंबोजकर.
"आता परत वजन कर," मी म्हटलं.
पोरगं हसलं. केलं.
सोळा किलो चारशे.

हाच प्रश्न मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे.
नैयायिक म्हणतो, अवयवी वेगळा,
दोऱ्यांहून वस्त्र वेगळं,
नवं जन्मलेलं, तरी दोऱ्यांतच राहणारं.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच,
मग त्याचं वजन कुठं जातं?
जुनं उत्तर असं, की फरक फार बारीक,
काट्याला कळत नाही.
वर्ग हसायचा. मीही.

सांख्याला घाई नसते. तो म्हणेल, सायकल होतीच,
लोखंडात, त्याआधी मातीत,
तिळात तेल निजावं तशी.
बौद्ध म्हणेल, सायकल ही हाक मारायची सोय,
अल्ताफनं मोडलं काहीच नाही,
नाव तेवढं काढून घेतलं.
आणि चार्वाक, माझा लाडका,
समोरच्या तांबोळ्याच्या टपरीवर उभा:
पान हिरवं, चुना पांढरा, कात मातकट,
सुपारीला तर रंगाचं देणंघेणंच नाही,
आणि आता हे बघा, म्हणत
थुंकून दाखवणारा.

त्या ढिगातला एक नट मी उचलला.
मागच्या चाकाचा, पंधरा नंबर पान्याचा.
एकटा नट आयर्विन पुलाच्या चढाला कशाला लागला असता?
वरून कृष्णेत टाकला असता तर बुडाला असता,
नियमाप्रमाणे.
पण हा माझ्यासोबत मिरजेला गेलाय,
किती गुरुवार, एकदा अंगात ताप असताना,
एकदा अशा कामाला, जे सांगत नाही.
एकही नियम मोडला नाही त्यानं.
तरी लोखंडाच्या सगळ्या नियमांत
मिरज कुठं लिहिलेली नाही.

हल्लीचे काही म्हणतात, लिहिलेली आहे,
आकडेमोड पुरेशी लांब करा,
गुरुवार सापडेल, तापसुद्धा.
काही म्हणतात, नाही, एका पायरीवर
जग स्वतःच्या पदरचं काही घालतं
आणि मग लोखंडाला ऐकावं लागतं.
दोन्ही बाजू मी सारख्याच गुणांना शिकवल्या.

नोटा मोजता मोजता बाबालाल म्हणाला,
"चालू असली की नगावर घेतो, बाई.
बंद असली की वजनावर."
"आणि पंक्चर काढून आणली असती तर?"
"मग नगावर की."
तिला झालं होतं एवढंच, दोन पंक्चर
आणि माझा गुडघा.
परीक्षेत असं उत्तर कुणी लिहिलं नाही.

घंटी तेवढी मागून घेतली.
ती त्यानं काट्यावर ठेवली नव्हतीच.
रिक्षात मुठीत घट्ट धरून वाजवली.
ठक्.
पुन्हा. ठक्.
रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.
"वाटीला हात लावू नका, बाई.
खालनं धरा."