ताप

चार वाजता पाटी उचलते,
हर्णैच्या लिलावाला निघते.
हर्षलला सांगते, एकच कार्टून, मग पाढे.
तो मान हलवतो. डोळे पडद्यावर.

परतते तेव्हा सात वाजून गेलेले.
चपला काढते तोवर आतला आवाज तुटतो
आणि सतराचा पाढा सुरू होतो,
मधूनच, अडुसष्टपासून.

मी बोलत नाही.
बांगड्याच्या वासाचा हात पदराला पुसते,
टीव्हीच्या डब्याच्या पाठीवर ठेवते,
पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
फणफणलेला.

ओरडून झालं. एकदा मारलंही.
रिमोट तांदळात पुरला,
तर सेलचं झाकण माझ्याच भातात निघालं.
हे दहा-दहा दिवस दर्यावर,
फोनवर विचारतात, पोरगा काय करतो?
अभ्यास, म्हणते.

परवा वारा होता, होड्या गेल्याच नाहीत,
लिलाव नाही, झोपही नाही.
आवाज बंद करून बसले.
पडद्यावर कुणाचं तरी लग्न मोडत होतं.
मागे पावलं वाजली. बटण दाबलं.

हर्षल डोळे चोळत आला,
सरळ टीव्हीमागे गेला, तळवा टेकला.
"आये, ताप हाय."

काळ्या काचेत आम्ही दोघं.
मग हळूच,
"मोडलं का गं लगीन?"