हाफ तिकीट

वडनेरला लाइनमन होतो तेव्हाची गोष्ट.
थकबाकीचे सतरा हजार एकदम हातात आले.
वच्छलानं न्हाणीघरासाठी विटांचा हिशेब मांडून ठेवला होता
आणि मी पहाटेची गाडी धरून नागपूरला गेलो.

बर्डीवर, जिन्याखाली, परमानंदचं दुकान.
त्यानं आधी माझी चप्पल पाहिली,
मग खांबावर चढून चढून घट्टे पडलेले हात.
बसा म्हणाला.
ॲम्प्लिफायर सुरू केला, बटण अर्ध्यावर आणलं,
कॅसेट मात्र लावलीच नाही.
"काही ऐकू येतं?"
"नाही."
"कान लावा."
जाळीला कान लावला. नाहीच.
"याचेच पैसे आहेत," तो म्हणाला.

प्लायवूडच्या पेट्यांत दोन स्पीकर, कमरेएवढे.
कंडक्टर अडला : "हे सामान हाये का सवारी?"
बरीच हुज्जत. शेवटी एकेकाला हाफ तिकीट फाडलं.
जाम चौरस्त्यापर्यंत मी उभा,
ते दोघे खिडकीशी.

वच्छला चार दिवस बोलली नाही.

संध्याकाळी लावायची सोय नव्हती.
शिवारभर मोटारी सुरू, व्होल्टेज एकशे साठ,
गाणारीचा गळा विहिरीत पडल्यासारखा.
फीडर माझाच. तक्रार कुणाकडे करू?
म्हणून रात्री अकरानंतर,
दहा वर्षं ऐकून झिजलेली तीच कॅसेट,
आणि ओळ सुरू व्हायच्या आधी
बाईनं श्वास घेतला.

मच्छरदाणीतून वच्छला ताडकन उठून बसली.
"कोन आलं?"

मग झिंगरजी यायला लागले, कधी आठवड्यातून दोनदा.
जिनिंगात तीस वर्षं, दोन्ही कान गेलेले.
खिडकीत उजेड दिसला की यायचे,
पंजा पसरून स्पीकरवर ठेवायचे,
डोळे मिटून, डॉक्टर पोट तपासतो तसे.
"मशीनवर हात ठेवूनच वयखत होतो मी,
पट्टा सुटला का काय झालं.
याचं बेअरिंग चांगलं हाये, भाऊ."
तबला थांबला की हात उचलायचे.
एकदाही चुकले नाहीत.

आता स्पीकरच्या कडेचा फोम
बोट लावलं की भुकटी होतो.
पोरीनं पुण्याहून मुठीएवढं काहीतरी पाठवलंय,
चांगलं वाजतं, नाही म्हणत नाही.

न्हाणीघर पुढल्या उन्हाळ्यात झालं.
दाराला पैसे उरले नाहीत,
तेव्हा त्याच पेट्यांच्या फळ्या ठोकल्या.
अजून त्यावर काळ्या शाईतला काचेचा पेला आहे
आणि वर दाखवणारा बाण,
एक फळी उलटी लागल्यामुळे
दुसरा बाण खाली.

पूस महिन्यात पहाटे
मी अंगणात दात घासत असतो.
पहिला तांब्या अंगावर घ्यायच्या आधी
वच्छला दाराआड श्वास घेते.
मी नळ बंद करतो.