नावाचा रकाना

निजामाच्या वेळची खासरा पत्रकं
उर्दूतून मराठीत करून देणं, हे माझं पोट.
वसमतच्या तहसीलसमोर पत्र्याखाली चाळीस वर्षं:
कुणाचा बांध, कुणाची विहिरीतली चार आणे वाटणी.
म्हणून गुरुवारी पंडागळे सरांच्या माडीवर
आम्ही दहाबारा बहाई जमलो
की पुस्तक माझ्याकडे सरकतं.
फारसीचं उर्दू कुणीतरी आधीच केलेलं,
उर्दूचं मराठी मी तोंडानं करत जातो.
सर बजावतात, इथं महाराज नाही, मौलवी नाही.
ज्याला जे उमगलं ते त्यानं सांगावं,
दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नये.

त्या गुरुवारी पान मूसाचं निघालं.
दोघं भांडत होते, तो मधे पडला,
एक गुद्दा,
आणि समोरचा उठलाच नाही.

उर्दूत सरळ होतं: क़त्ल.
मी मराठीत अडलो.
वध म्हणावं तर मेलेला राक्षस ठरतो,
हत्येमागून प्रायश्चित्ताची यादी येते,
‘हातून माणूस गेला’ म्हणावं
तर तो जणू स्वतःच्या पायानं गेला.
उरला खून. त्याला ठाण्याचा वास.

आणि दाराशी नागोराव बसला होता.
हर्सूलला साडेअकरा वर्षं काढून आलेला,
आता मोंढ्यात हमाल,
हळदीनं कोपरापर्यंत पिवळा.
ठाऊक सगळ्यांना. काढत कुणी नाही.
द्वारकाताई म्हणाल्या, हे पान पुढच्या वेळी घेऊ का?
त्यांचा चहा बशीत तसाच.

मी खून म्हणालो.
म्हणालो आणि वाचत गेलो.
पुस्तक काही लपवत नव्हतं:
देवाला तो हात धरता आला असता. धरला नाही.
गावानं ज्याला खुनी म्हणून ओळखलं
त्याच्याच तोंडी आपला शब्द दिला.
सर म्हणाले, परीक्षा त्याची नव्हती, बघणाऱ्यांची होती,
काच काजळलेली म्हणून कंदील नाकारता का?

कॉलेजातला सम्यक म्हणाला,
सर, हे रूपक असेल. मारला तो अहंकार.
दारातून आवाज आला,
“रूपकाचं रगत निगतं का रे बाबा?”

मग बराच वेळ काही नाही.
खाली कुणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती.

“दादा,” नागोराव मला म्हणाला,
“जो मेला, तेचं नाव काय व्हतं?”

मी पान उलटलं. तळटीप पाहिली. मागचं पान पाहिलं.
मूसाचं नाव होतं, फिरऔन होता,
ज्याच्या मेंढ्या पुढं राखल्या त्या म्हाताऱ्याचंही सापडलं असतं.
पडलेल्याचं नव्हतं.

“माझ्यावाल्याचं उत्तम व्हतं,” तो म्हणाला.
“उत्तम पाटोळे. कुरुंद्याचा.
तेची पोरगी येती मोंढ्यात हळद घिऊन.
तिच्या पोत्याला मी हात लावत न्हाई,
दुसऱ्याला लावतो.”

सरांनी अर्थ सांगितला नाही.
द्वारकाताईंनी प्रार्थना म्हटली, तीही मधेच चुकली.

माझे उस्ताद शिकवायचे,
खासऱ्यात मालक सापडला नाही तर ‘नामालूम’ लिही,
रकाना कोरा ठेवू नकोस,
कोऱ्या रकान्यात उद्या कुणीही घुसतं.
रात्री वहीत मी खून लिहिलं,
खाली लिहिलं, मयताचं नाव,
पुढं दोन टिंबं,
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा
पेन बंद करून ठेवला.

पुढच्या गुरुवारी नागोराव सगळ्यांच्या आधी आला.
सतरंजी त्यानंच अंथरली.
हात धुऊन आला होता, नखांत पिवळं तसंच.
पान होतं मद्यनचं: विहीर, मेंढ्या, चाकरीची वर्षं.
बगलेतून हात पांढरा निघतो
ते पान अजून पुष्कळ पुढं आहे.
“वाचा,” तो म्हणाला,
“घाई करू नका पर. ही वर्षं जरा सावकाश वाचा.”