बोर्डावर काही लिहिलेलं नाही

तीस वर्षं माझ्या डोक्यावर बोर्ड होता.
स्वारगेट – धायरी, धायरी – स्वारगेट.
रस्ता विचारायचे ते प्रवासी.
मी नुसता वळायचो, जिथे वळायचं आधीच ठरलेलं.

आता ही गाडी माझी.
जुनी सतरा सीटची. सीटा भंगारात गेल्या,
एकच ठेवली, खिडकीजवळची, हौसासाठी.
मागे पलंग, दोन बर्नरची शेगडी,
आणि पाण्याची टाकी, जी ब्रेक मारला की
माझ्यानंतर क्षणभराने थांबते.

पावणेसहा. चांदणी चौकाच्या अलीकडे
कडेला घेतो. लेकीकडे पेणला जायचंय.
सरळ गेलं तर द्रुतगती, टोल.
डावीकडे पौड, मुळशी, ताम्हिणी:
तिथे पैसा लागत नाही.
लागतो तो वेळ, लागतो क्लच,
आणि निघतात हौसाच्या डब्यांची झाकणं.

ती वही उघडते.
"मागच्या खेपेला टोल वाचवलात.
डिझेल सातशेचं जास्त.
पौडला भजी साठ, पुढे कणसं चाळीस,
आणि निव्याच्या त्या म्हातारीकडून सूप घेतलंत.
गाडीत काय पाखडणार होता?"

सूप आहे अजून. पलंगाखाली. त्यात बटाटे असतात.

त्याआधीच्या खेपेला सरळ गेलो होतो.
उर्शाच्या नाक्यावर टॅग वाचेना,
पोरगा बाहेर आला, वाकून बघितलं:
पलंगावर हौसा, तोंडावर पदर, गाढ झोपेत.
"काका, ही बस की कार?"
"घर," म्हटलं.
तो हसला. यंत्र नाही हसलं.
बसचे पैसे कापले.
हौसा उठल्यावर नाक्याला, यंत्राला, मला,
सगळ्यांना बोलली.
मी गप्प. कसं सांगू,
की मला जरा बरंच वाटलं होतं,
रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच
कुणीतरी मला बसवाला धरलं होतं.

पण पुढे तो रस्ता नुसता पळत राहिला.
चाकांवरचं घर,
आणि दार उघडायला मनाई.
चहाचं आधण ठेवायचं तरी कुठे?

मागून हिंजवडीची पहिली फेरी येते,
हॉर्न देते. तांबड्या अक्षरांत झळकणारा बोर्ड,
आत कोवळा ड्रायव्हर, जांभई देणारा.
त्याला सगळं ठाऊक आहे.
मला थोडा हेवा वाटतो, थोडी दया येते,
मग तो पुढे जातो आणि दोन्ही जातात.

"ठरलं का?" हौसा विचारते. "की इथेच पेण आणायचं?"

मी डावीकडचा इंडिकेटर टाकतो,
आणि तिचं बोलणं सुरू व्हायची वाट बघतो.
ती काहीच बोलत नाही.
आरशात मागे बघतो तर
एकेका डब्याला फडकं गुंडाळून गाठ मारलेली,
घरून निघतानाच.