पूर कोणाचा

आबा रंगावलीवर पाणी मोजायचे.
नोकरीच ती. नवापूरच्या पुलाखाली
दगडी खांबाला ठोकलेली लोखंडी पट्टी,
तिच्यावरचा आकडा वहीत उतरवायचा,
सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा,
आणि पावसाळ्यात तासातासाला.
उन्हाळ्यात नदी पट्टी सोडून
पलीकडच्या खडकाला चिकटून वाहायची,
तरी आबा उतरायचे, वाकून बघायचे, लिहायचे:
निरंक.

रविवारी दाविद वसावे पाळक
यशयातलं वचन समजावत होते.
शत्रू पुरासारखा चढून आला
तर देवाचा आत्मा त्याच्यापुढे निशाण रोवील.
शत्रू म्हणजे दारू, ते म्हणाले, शत्रू म्हणजे सिकलसेल,
शत्रू म्हणजे उचल देऊन
पोरांना बारडोलीच्या उसात नेणारा मुकादम.
आबांच्या मांडीवर आजीचं जुनं शास्त्र,
एकदा भिजून फुगलेलं, मिटता न येणारं.
त्यात वेगळंच होतं.
त्यात पूर शत्रूचा नव्हताच.
त्यात देवच येत होता, कोंडलेल्या नदीसारखा,
स्वतःच्याच श्वासानं रेटलेला.

चपला शोधता शोधता आबांनी विचारलं,
"पाळकसाहेब, मग पूर कोणाचा?"
पाळक भला माणूस. टाळलं नाही.
म्हणाले, "मूळ भाषेत तिथं स्वल्पविराम नाही, गावित.
वाचणारा जिथं थांबेल तिथं अर्थ फुटतो."
घर येईपर्यंत आबा गप्प.
नागलीची भाकर मोडताना मला म्हणाले,
"एस्तेर, दोन्ही पुस्तकांत पाणी मात्र तेवढंच आहे."

भादव्यातली ती रात्र.
आबा खाली पायऱ्यांवर, मी पुलावर टॉर्च धरून.
ते आकडा ओरडायचे,
मी वायरलेसवाल्या शिरसाठांना सांगायची.
चार पॉइंट दोन. चार पॉइंट नऊ.
सागाचे ओंडके, कोंबड्यांची डाल, उलटी खाट,
एक हिरवं दार, त्याची कडी अजून लावलेली.
काठावरून हिलाल कुंभार ओरडत होता,
"कितलं शे रे भो? आखो कितलं?"
आकडा ऐकला की मागे सरायचा,
त्याच्यामागे त्याची म्हातारी, गाढवं,
सगळी कुंभारवाडी,
आकड्याआकड्यानं चढावर.

सहा पॉइंट एकला आबा वर आले.
पट्टीचा हातभर तुकडा तेवढा पाण्याबाहेर,
लाल-पांढरा, थरथरणारा.
"निशाण," ते म्हणाले.
मला वाटलं, खात्याच्या भाषेत बोलतायत,
धोक्याचं निशाण.
मी टॉर्च त्यांच्या तोंडाकडे नेली
आणि लगेच खाली घेतली.

पट्टीनं पाणी अडवलं नाही. बोटभरही नाही.
ती लोंढ्यात उभी होती
आणि किती ते सांगत होती, बस.
कुंभारवाडीतली चौदा घरं गेली, माणूस एकही नाही.
आमच्या वाडीतला शमुवेलकाका गेला,
आकडा ऐकूनही
बैलांची दावी सोडायला मागे फिरला म्हणून.
मातीच्या दिवशी पाळकांनी ते वचन घेतलं नाही,
दुसरं वाचलं.
आबांनीही काही विचारलं नाही.

पाणी ओसरल्यावर ते रंगाचा डबा घेऊन गेले.
गाळ खरवडला, आकडे पुन्हा रंगवले,
वर एक जादा मीटर जोडून घेतला
खात्याला न विचारता, पदरच्या पैशानं.
साहेबांनी मेमो दिला. तो वहीतच आहे.

आता ते शास्त्र माझ्याकडे असतं.
त्या ओळीशेजारी, समासात, पेन्सिलीनं ६.१
आणि पुढे, दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी,
बोथट टोकानं: शमुवेल.
दोहोंच्या मध्ये स्वल्पविराम आहे
की गाळाचा ठिपका,
चष्मा लावूनही मला ठरवता येत नाही.